भवानी तिकडेही असते

पत्र: ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, वय ५९, राहणार विश्रामबाग, सांगली. आमच्या भिशीच्या चौदा जणी आणि त्यातल्या सहा जणींचे नवरे असे वीस जण येत्या नोव्हेंबरात आठ दिवस व्हिएतनामला निघालोय. हनोई, हा लाँग, दा नांग, होई आन आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी. तीन वर्षांपूर्वी याच मंडळींबरोबर बँकॉकला गेले होते. तिथे मी एक बॅग ९०० बाटला घेतली आणि तीच बॅग मैत्रिणीनं पुढच्या गल्लीत ३५० ला घेतली. तेव्हापासून घरात काहीही महाग आलं की आमचे हे म्हणतात, "बँकॉकच्या भावानं आणलं वाटतं!" स्वतः मात्र घासाघीस सुरू झाली की चार दुकानं पुढे जाऊन उभे राहतात. बँकेत नोकरी झाली ना, त्यांना भाव करायची लाज वाटते. मला एवढंच सांगा, नेमकं किती पाडून मागायचं? निम्मं की एक तृतीयांश? तेवीस जणांना काहीतरी आणायचंय, बजेट वीस हजार रुपये. आणि या वेळी अजिबात फसायचं नाही, हे नक्की ठरवलंय.

उत्तर:

ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. माझं सासर कापड पेठेतलं. एकतीस वर्षं मी दुकानात गादीवर बसले, त्यामुळे भाव करण्याचा खेळ मला पलीकडच्या बाजूनं जास्त ठाऊक आहे. फसायचं नाही असं ठरवून आलेली बाई पायरी चढतानाच ओळखू यायची. पर्स छातीशी, ओठ घट्ट, तोंडावर परीक्षेला बसल्यासारखा ताण. तिला आम्ही पहिला भाव चढाच सांगायचो. काय करणार, काहीही सांगितलं तरी ती निम्म्यानं मागणार हे नक्की असायचं. हजाराची साडी हजारच सांगितली असती तर ती पाचशे म्हणाली असती आणि दोघींचाही वेळ गेला असता.

म्हणजे तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. निम्म्यानं मागायचा नियम तुम्हाला माहीत आहे तसा विकणाऱ्यालाही पाठ आहे. प्रवासाला जाणारा प्रत्येक जण तोच नियम घेऊन येतो. त्यामुळे तो आपला सांगायचा भाव त्या हिशोबानंच ठेवतो. काही ठिकाणी निम्म्यावर घेऊनही तुम्ही दुप्पट दिलेले असता, आणि काही ठिकाणी निम्मं म्हणून बिचारीचा अपमान केलेला असतो. टक्केवारी विसरा. त्याऐवजी वस्तू हातात घेतल्यावर, तिनं भाव सांगायच्या आधी, मनात एक आकडा धरा. ही मला केवढ्याला मिळाली तर मी रात्री हॉटेलवर आनंदानं पिशवीतून काढून बघेन? तो तुमचा भाव. तिनं त्याच्या चौपट सांगितला तर हसून खाली ठेवा. त्याच्या जवळपास सांगितला तर बोलणं सुरू करा. आणि चुकून त्याच्याहून कमी सांगितला तर तरीही थोडं घासा, नाहीतर तिलाच चुटपुट लागते की आपण कमी सांगितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुठल्या टूरवाल्यानं सांगितलं नव्हतं. भवानी तिकडेही असते. आपल्याकडे सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं की दिवसभर मनाला टोचणी लागते. आमच्या सासूबाई तर भवानी झाल्याशिवाय गल्ल्याला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. व्हिएतनाममध्ये या पहिल्या विक्रीला 'म हांग' म्हणतात. हांग म्हणजे माल, आणि म म्हणजे उघडणं. पहिलं गिऱ्हाईक भरपूर घासाघीस करून न घेता निघून गेलं तर दिवस खराब जातो असं तिथले जुने विक्रेते मानतात. काही जण तर असं गिऱ्हाईक गेल्यावर कागदाचा तुकडा पेटवून दुकानापुढे फिरवतात, नजर उतरवतात तसंच. तुमची टूर सकाळी साडेआठला बाजारात सोडणार, आणि तुमच्या चौदा जणी वेळ घालवायला "हे केवढ्याला, ते केवढ्याला" करत फिरणार. मग कुणी तोंड वेडंवाकडं केलं, खेकसलं, की बसमध्ये चर्चा, "इथली माणसं उद्धट आहेत गं." उद्धट नाहीत हो, तुम्ही त्यांची भवानी मोडलीत.

म्हणून सकाळी नुसतं बघा, भाव विचारू नका. खरंच घ्यायचं असेल तर मात्र हीच वेळ चांगली, कारण भवानीसाठी ती बाई पटकन थोडं सोडते. आपल्याकडे नाही का, "भवानीची वेळ आहे, परत पाठवत नाही तुम्हाला" म्हणतात. पण मग भाव ठरला की घ्यायचंच. नुसतं चाचपायचं असेल तर दुपारनंतर जा.

हाच नियम दिवसभरासाठीही धरा. तुम्ही आकडा उच्चारला आणि तिनं मान डोलावली, की सौदा झाला. आपल्याकडे खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव होतो. तिथे बोट दाबल्यावर कुणी म्हणतं का, "जरा पुढचा बैल बघून येतो"? तसंच. घ्यायचं नसेल तर तोंडातून आकडा काढूच नका. "बघते" म्हणा, हसा, चला.

बाजारात बोलणं कॅल्क्युलेटरवर होतं. ती आकडा दाबून तुमच्यापुढे धरते, तुम्ही खोडून तुमचा दाबता. हो ची मिन्ह सिटीच्या बेन थान बाजारातला माझा एक प्रसंग सांगते. हा बाजार १९१४ सालापासूनच्या त्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीत भरतो, आणि तिथे पर्यटक इतके येतात की पहिला भाव ऐकून घेरी यावी. मला नारळाच्या करवंटीचा, आतून लाखेचा रंग दिलेला वाडगा हवा होता. पहिल्या गाळ्यात अडीच लाख डोंग. दुसऱ्यात दोन लाख वीस हजार. तिसऱ्यात न विचारताच एक लाख ऐंशी. बाजारातच काही गाळ्यांवर ठरलेल्या भावाची पाटी असते, तिथे तसाच वाडगा एक लाख तीसला लिहिलेला मी आधी बघून ठेवला होता. मग परत पहिल्या बाईकडे गेले, कारण तिच्याकडचा काळा रंग छान होता. मी एक लाख दाबलं. तिनं कपाळाला हात लावला. मी हसले, तीही हसली. तिनं एक सत्तर दाबलं, मी एक दहा. तिनं वाडगा वर्तमानपत्रात गुंडाळायलाच सुरुवात केली आणि न बघता एक चाळीस दाबलं. मी "नको गं बाई" असं मराठीतच म्हणून वळले.

इथे लक्ष द्या. वळल्यावर भराभर चालू नका. आमच्या दुकानात गिऱ्हाईक निघालं की आम्ही पहिल्या पायरीवर हाक मारत नव्हतो, दुसऱ्या पायरीवर मारायचो. पहिल्या पायरीवर ते स्वतःच घुटमळतंय का, ते बघायचं असतं. दुसऱ्या पायरीलाही मागे वळलं नाही, म्हणजे खरंच चाललं, मग हाक. तुम्ही तीन गाळे सावकाश ओलांडा. हाक आली तर तुमच्या भावात त्यांना परवडतंय. नाही आली तर तुम्ही खरेदीभावाच्याही खाली मागितलं होतं, तेव्हा पुढच्या गाळ्यावर दहा-वीस हजार वाढवून मागा. मला हाक आली. एक वीसला वाडगा घेतला. पाटीवरच्या गाळ्यापेक्षा दहा हजार वाचले, म्हणजे पस्तीस रुपये. एवढ्यासाठी वीस मिनिटं गेली! खरं सांगते, वीस मिनिटं मजेत गेली, पण हिशोबानं बघाल तर मी पाटीवरच्या गाळ्यातूनच घ्यायला हवा होता. तुमच्याकडे आठ दिवस आहेत आणि तेवीस नग आणायचेत, तेव्हा ही मजा दोन-तीन वस्तूंपुरती ठेवा.

पैशांचं. एक लाख डोंग म्हणजे सध्या साधारण साडेतीनशे रुपयांच्या आतबाहेर. निघायच्या आदल्या रात्री दर बघून घ्या आणि एकच आकडा पाठ करा, लाखाला इतके रुपये, बस. आपल्याला लाखात विचार करायची सवय आहे हा फायदाच. ती 'हंड्रेड फिफ्टी' म्हणेल तेव्हा ते दीडशे हजार, म्हणजे दीड लाख. तिथे बोलताना मागचे तीन शून्य गिळतात. ते दीडशेच डोंग समजून कुणी हसं करून घेऊ नका.

आणि नोटा! वीस हजाराची नोट निळी असते. पाच लाखाचीही निळसरच असते. दोन्हीवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. संध्याकाळच्या अंधुक दिव्यात, शहाळंवाला घाई करत असताना, पर्समधून कुठली निघेल याचा भरवसा नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी सत्तर रुपयांच्या शहाळ्याला साडेसतराशे रुपये दिले आणि हॉटेलवर जाऊन कळलं. तो शहाळंवाला चोर होता असंही नाही म्हणवत, त्यानंही कदाचित बघितलं नसेल. पण परत कुणी देत नाही. म्हणून पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा, शक्यतो यजमानांच्या खिशात. त्या प्लास्टिकच्या नोटा असतात, कोऱ्या असल्या की एकमेकींना चिकटतात. देताना चिमटीत चोळून मोजा.

इथून डॉलर न्या, स्वच्छ, न मुडपलेले. रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर राहू नका. बँकेत किंवा परवाना असलेल्या ठिकाणीच बदला. भाव डोंगमध्येच मागा. कुणी डॉलरमध्ये सांगितला तर "डोंग?" म्हणून कॅल्क्युलेटर पुढे करा, डॉलरच्या गोल आकड्यात बरंच काही लपतं. मोठ्या दुकानात कार्ड लावलंत आणि मशीननं "रुपयात की डोंगमध्ये?" विचारलं, तर डोंग निवडा. रुपयात आकडा बघून बरं वाटतं, पण तो दर मशीनवाल्याचा असतो आणि आपल्याला महागात पडतो.

रस्त्यावर मोबाइल काढून हिशोब करत उभ्या राहू नका, विशेषतः हो ची मिन्ह सिटीत. मोटारसायकलवरून फोन ओढून नेतात. दुकानाच्या आत जाऊन करा.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांना लाज वाटते म्हणून तुम्ही चिडता, पण दुकानदाराच्या नजरेनं बघाल तर पुढे जाऊन उभा राहिलेला नवरा ही तुमच्याकडची सर्वात मोलाची गोष्ट आहे. जोडपं आलं की आम्ही वस्तूकडे नाही, दोघांच्या डोळ्यांकडे बघायचो. दोघांनाही आवडलं की भाव एक पैसा उतरत नसे. एकाला आवडलंय आणि दुसरा कंटाळून पंख्याखाली उभा आहे, की आम्हाला घाई व्हायची. हा माणूस हिला घेऊन जाणार, त्याच्या आत ठरवा. तेव्हा त्यांना चार दुकानं पुढे जाऊ देऊ नका, दोन दुकानं पुढे उभं करा, दिसतील असं. घड्याळाकडे बघायला सांगा. काही बोलायचं नाही. तुम्ही मात्र त्यांच्याकडे बोट दाखवून मान हलवायची, "हे नको म्हणतायत." बँकेत कर्जाची फाइल परत पाठवताना जसा चेहरा करत होते तसाच करायचा, त्यांना काही नवीन शिकावं लागणार नाही.

मराठीत खुशाल बोला, तिथे कुणाला कळत नाही. फक्त दोन गोष्टी. हिंदीचे चार शब्द हल्ली तिथल्या बऱ्याच विक्रेत्यांना येतात, तेव्हा आकडे हिंदीत बोलू नका. आणि सूर सांभाळा. आमच्याकडे अथणी-जमखंडीकडची गिऱ्हाइकं यायची, आपसात कानडीत ठरवायची, 'ऐनूर' वगैरे. त्यांना वाटायचं आम्हाला कळत नाही. आम्हाला पाचशेही कळायचं, आणि शब्द न कळते तरी "अगंबाई, काय गोड रंग आहे!" हा सूर कुठल्याही भाषेत सारखाच लागतो. तो ऐकला की भाव वीस टक्के वर.

तिकडचे दोन-तीन शब्द मात्र शिकून जा. 'बाओ न्हिएव' म्हणजे केवढ्याला. हनोईत 'दात क्वा' आणि हो ची मिन्ह सिटीत 'माक क्वा' म्हणजे फार महाग. हे हसत म्हणायचं. आवाज चढवलात, वस्तू आपटलीत, तर समोरची बाई चार लोकांत अपमान झाला म्हणून विकणारच नाही, मग तिचं नुकसान झालं तरी. सांगलीत भांडून दोनशे कमी करून शेवटी चहा पिऊन निघणारी माणसं आपण. तिथे भांडण खेळात धरत नाहीत.

भाव करायचाच नाही अशा जागा: भावाची पाटी लावलेली खानावळ, सुपरमार्केट, मॉल, आणि रस्त्याकडेला टोपली घेऊन भाजी-फळं विकणारी म्हातारी. हनोईत एक प्रकार होतो, त्यासाठी सावध करते. खांद्यावर कावड घेऊन फळं विकणाऱ्या बायका जवळ येतात, गोड हसून कावड तुमच्या खांद्यावर ठेवतात, टोपी घालतात, फोटो काढा म्हणतात. फोटो झाला की अननसाच्या चार फोडी हातात आणि भाव दुकानाच्या पाचपट. कावड खांद्यावर येऊच देऊ नका. तसंच कुणी वाकून तुमच्या चपलेला डिंक लावायला लागला तर पाय मागे घ्या, दुरुस्ती झाली की बिल येतं.

माझी फजिती ऐका, म्हणजे तुमची बँकॉकची बॅग तुम्हाला हलकी वाटेल. एकतीस वर्षं कापडात काढलेली मी हनोईत 'शंभर टक्के सिल्क' लिहिलेले चार स्टोल घेऊन आले. हात लावला, चुरगाळून बघितला, गालाला लावला. वातानुकूलित दुकान, पिवळे दिवे, पोरगी इतकी लाघवी. भाव अर्ध्यावर आणला आणि विजयी मुद्रेनं बाहेर पडले. घरी आल्यावर सुनेनं सहज एका स्टोलच्या गोंड्यातला धागा ओढून गॅसवर धरला. खरं रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो, आणि राख बोटांत चुरडली जाते. या धाग्याचा काळा टणक मणी झाला. पॉलिस्टर! चारही. सॅटिनची वीण होती, म्हणून हाताला गुळगुळीत लागलं आणि मी गारठ्यात ताठ झालेल्या बोटांवर विश्वास ठेवला. घरात आठवडाभर कुणी माझ्याशी सरळ बोललं नाही, नुसते हसायचे.

त्यातून एवढं घ्या. कपडा दुकानाच्या दारात, उन्हात आणा. रेशमाची चमक तुम्ही कापड तिरकं कराल तशी बदलते, पॉलिस्टर सगळीकडून सारखंच पांढरट चमकतं. मुठीत धरलं की रेशीम लवकर ऊबदार लागतं. एवढं करूनही खात्री नसेल तर त्याला रेशीम म्हणून भाव देऊ नका, छान रंगाचा स्टोल म्हणून द्या. मग पॉलिस्टर निघाला तरी वाईट वाटत नाही. खरंच रेशीम हवं असेल तर हनोईजवळ वान फुक नावाचं विणकरांचं जुनं गाव आहे, टूरमध्ये सवड असेल तर विचारा. तिथेही सगळंच रेशीम नसतं, पण माग चालताना दिसतो आणि विचारायला माणूस भेटतो.

होई आनमध्ये शिंपी चोवीस तासांत सूट शिवून देतात म्हणून यजमानांना भरीला पाडू नका. तुमची टूर तिथे एक रात्र असणार. चांगल्या शिंप्यालाही दोनदा अंगावर घालून बघावं लागतं, आणि सकाळी बस निघायच्या वेळी बाही लांब निघाली तर तो काय करणार? शिवाय तुम्ही नोव्हेंबरात जाताय. होई आनला थू बोन नदीकाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर येतो, जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा असतात. २०१९ च्या महापुरानंतर आपल्याला सांगलीकरांना त्या रेघा वाचायला शिकवायची गरज नाही. पाऊस असेल तर कागदी काही तिथून घेऊ नका, कापडी आकाशकंदील घ्या. ते छत्रीसारखे मिटतात, एका पिशवीत दहा मावतात.

वाटेत बस एखाद्या मोठ्या दालनात 'पंधरा मिनिटं टॉयलेटसाठी' थांबेल आणि तासभर हलणार नाही. मोती, भरतकाम, दगडी मूर्ती. तिथे गाडी थांबवणाऱ्यांचं कमिशन असतं, ते भावात मिसळलेलं असतं. चहा प्या, टॉयलेटला जा, बसा. घ्यायची सक्ती नाही.

आता तुमचे तेवीस जण. वीस हजार म्हणजे डोई ८७० रुपये, अडीच लाख डोंगला थोडे कमी. पण सगळ्यांना सारखं कशाला? सख्ख्या पाच जणांना वाडगा किंवा स्टोल, बाकीच्यांना कॉफी. तिथली कॉफी गाळायची छोटी धातूची गाळणी असते, 'फिन' म्हणतात. कपावर ठेवायची, कॉफी थेंबथेंब खाली उतरते. साधी ॲल्युमिनियमची लाखाच्या बरीच आत मिळते, वजन नाही, फुटत नाही. कॉफीचं पाकीट मात्र सुपरमार्केटमधून घ्या, बाजारातल्या सुट्या कॉफीत काय मिसळलंय कळत नाही. शेजारपाजाऱ्यांना बेन त्रे भागातली नारळाची वडी, टॉफीसारखी चिवट असते, मुलांना आवडते.

शाकाहारी मंडळींसाठी एक सावधगिरी. हा लाँगच्या वाटेवर हाय दुओंगची मुगाची वडी मिळते, पिवळी धमक, अगदी आपल्या मुगाच्या लाडवाची बहीण. दिसली की तुम्ही चौदा जणी चौदा डबे घेणार आणि घरी देवापुढे ठेवणार. जुन्या पद्धतीत त्यात डुकराची चरबी घालतात. वनस्पती तेलाचीही मिळते. पाकिटावर 'चाय' असा शब्द आहे का, ते गाइडकडून वाचून घ्या. तिकडे चाय म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे.

काजू आणू नका. व्हिएतनाम काजू निर्यातीत जगात पुढे आहे खरं, पण त्यातला पुष्कळ कच्चा काजू आफ्रिकेतून आणि कंबोडियातून येतो, तिथे फक्त सोलून भाजतात. आपल्याला चंदगड जवळ आहे. मिरी आणू नका, हळद तर आणूच नका, आपल्या हळदीच्या गणपती पेठेतून पुढे गेल्यावर लोक काय म्हणतील! साप घातलेल्या दारूची बाटली कुणा नवऱ्यानं गंमत म्हणून उचलली तर खाली ठेवायला लावा. कासवाच्या कवचाच्या बांगड्या, हस्तिदंत, पोवळ्याचे तुकडे यांनाही हात लावू नका. वन्यजीव कायद्यात अडकाल, विमानतळावर माल जाईल तो वेगळाच. मोठ्या नावाच्या पर्स आणि घड्याळं तिथे ढिगानं मिळतात, ती नक्कल असते. स्वस्त आहे म्हणून घेतलीत तर स्वस्त आहे म्हणूनच वापरा, कुणाला खरी म्हणून भेट देऊ नका.

राहिली बँकॉकची बॅग. तुमचं खरं दुखणं ५५० बाटचं नाहीच, रात्री बसमध्ये चौदा जणी पिशव्या उघडून "मी केवढ्याला घेतलं ओळख?" करतात, ते आहे. त्यावर माझ्याकडे उपाय आहे आणि तो मी आमच्या ग्रुपमध्ये करून पाहिलाय. हनोईत दोंग शुआन नावाचा बाजार आहे, १८८९ सालचा, घाऊक मालाचा. एक नग मागितला तर तिथल्या काही गाळ्यांवर मान वर करून बघतही नाहीत. पण तीस नग म्हटलं की स्टूल पुढे सरकवतात. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या याद्या गोळा करा. फिन तीस, वाडगे वीस, पंखे चाळीस, असे आकडे निघतील. दोघं निवडा, एक भाव करणारी आणि एक हिशोब ठेवणारा. हिशोबाला तुमचे यजमान बसवा, त्यांना तेवढ्यात लाज वाटणार नाही. आधी एका नगाचा भाव विचारा, तो ठरवून घ्या, आणि मगच "तीस घेतले तर?" असं विचारा. सुरुवातीलाच तीस सांगितलेत तर एकाचा भाव कधी कळत नाही. माल हॉटेलवर आणून तासगावहून बेदाणा आणल्यावर आपण वाटतो तसा वाटून घ्या. सगळ्यांना एकच भाव. मग "ओळख बघू" काही उरत नाही.

त्याच जुन्या वस्तीत थोडं पायी फिरा. गल्ल्यांची नावं 'हांग'नं सुरू होतात, तोच मालवाला हांग. हांग बाक म्हणजे चांदीची गल्ली, हांग क्वात पंख्यांची, हांग दुओंग साखरेची. आपली कापड पेठ, सराफ कट्टा तसंच. आता तिथे बहुतेक ठिकाणी वेगळाच माल विकतात, पण नावं राहिलीत.

पामच्या पानांची टोपी घ्यायचा मोह होईल. एकच घ्या, आणि विमानात डोक्यावर घालून बसा, लोक हसले तरी. वरच्या कप्प्यात ठेवलीत की मागून कुणीतरी त्यावर ट्रॉली बॅग ढकलतंच. माझी टोपी अशीच चपटी झाली. सध्या ती गच्चीवर पुदिन्याच्या कुंडीवर उन्हासाठी उपडी घातलेली असते.